धुकं, आज्जी आणि कंदील: कृष्णधवल कॉम्पोझिटमध्ये नजर कुठं थांबवायची

खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: तीन फोटो जोडून एक कृष्णधवल चित्र केलंय. मागं जांबोटीकडचा जुलैमधला धुक्यातला रस्ता, त्यावर हातात कंदील घेतलेल्या, इरकली लुगड्यातल्या आज्जी, आणि वर गोकाकच्या बाजूला टिपलेले वळवाचे ढग. आज्जींचा फोटो मे महिन्यात, अंगणात, दुपारी तीनच्या उन्हात काढलेला. कुणाची तरी वाट बघण्यातली हुरहूर यावी, पण चित्र भीतीदायक वाटू नये, अशी इच्छा आहे. तिन्ही फोटो सुटे बघितले तर चांगले दिसतात. जोडल्यावर मात्र आज्जी चिकटवल्यासारख्या वाटतात, आणि बघणारा आधी ढगांकडं बघतो. मास्कच्या (फोटोचा कुठला भाग दिसावा, कुठला झाकावा हे ठरवणाऱ्या साच्याच्या) कडा पुन्हा पुन्हा सुधारून झाल्या, तरी फरक पडत नाही.

कडा सुधारणं आता थांबवा. तुम्ही पाठवलेल्या चित्रात कडा पुरेशा स्वच्छ आहेत. खोट उजेडात आहे. एका चौकटीत तीन वेगवेगळ्या वेळांचा उजेड आलाय, आणि तिन्ही भागांत गडद काळ्यापासून लख्ख पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा भरल्या आहेत. उजेड जुळत नाही म्हणून आज्जी उपऱ्या दिसतात. सगळीकडं सारखाच कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-उजळ छटांतला फरक, आहे म्हणून नजर भरकटते. मांडवात सगळेच मोठ्यानं बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं झालंय.

अशा कामाला बसताना मी एकच गोष्ट आधी ठरवतो: चित्रातली सर्वात गडद आणि सर्वात उजळ छटा शेजारीशेजारी कुठं येणार? ती जागा एकच ठेवायची. इथं ती आज्जींचा चेहरा आणि त्याभोवतीचा पदर. बाकी सगळ्या भागांतला कॉन्ट्रास्ट त्या मानानं दाबायचा. नजर आपोआप त्या जोडावर थांबते, आणि बाकीचं दाबताना जे धूसर, मंद करडे रंग तयार होतात त्यांतूनच हुरहूर येते. म्हणजे वातावरण आणि लक्ष या दोन वेगळ्या कामांच्या याद्या करायची गरज नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. पहिलं, आज्जींचा फोटो पुन्हा काढता येईल का? येत असेल तर पुढचं निम्मं काम वाचतं. शक्य नसेल तर उलट बाजूनं विचार करावा लागेल: ज्या माणसाचा फोटो पुन्हा मिळणार नाही, त्याच्यावरचा उजेड पक्का धरायचा आणि पार्श्वभूमी त्याला जुळणारी शोधायची. मेमधल्या दुपारच्या उन्हातल्या आज्जींना धुक्यात नेऊ नका. उन्हातली पांढरी भिंत, देवळाची पायरी, बैलगाडीची वाट असं काही घ्या. नाकाखालची कडक सावली आणि डोळ्यांच्या खोबणीतला काळोख कुठल्याही कर्व्हनं, म्हणजे छटा उजळ-गडद करायच्या आलेखानं, मऊ होत नाही. दुसरं, वेळ कुठली दाखवायची? सकाळचं उजळ धुकं ठेवलं तर आज्जी गडद आकृती म्हणून उभ्या राहतील, त्यात एकटेपणा छान येतो. पण मग कंदील निरर्थक ठरतो. तिन्हीसांजा दाखवली तर कंदिलाला काम मिळतं आणि वाट बघणंही दिसतं. तुमच्या वर्णनावरून दुसरा मार्ग तुमचा आहे, म्हणून पुढचं सगळं तिन्हीसांज धरून लिहितो.

ढग काढून टाका. ते देखणे आहेत हे मला दिसतंय, पण धुक्यात उभं राहून वर बघितलं तर वळवाच्या ढगांचे उन्हानं चमकणारे काठ कधीच दिसत नाहीत, वर नुसती करडी पोकळी असते. आपल्याकडं पावसाळ्यात धुकं बघितलेल्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं. त्याला नेमकं सांगता येणार नाही, पण चित्र खोटं वाटेल. आकाश वेगळं जोडण्यात गैर काहीच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कलोडियनच्या काचा, म्हणजे रसायन लावलेल्या काचेच्या निगेटिव्ह, मुख्यतः निळ्या उजेडाला प्रतिसाद देत, त्यामुळं जमीन नीट आली की आकाश कोरं पडायचं, आणि तेव्हाचे छायाचित्रकार आकाशाच्या निगेटिव्ह वेगळ्या बाळगून छपाईत जोडत. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं होतं. जोडकाम तेव्हापासून आहे. अट एवढीच की जोडलेलं आकाश खालच्या जमिनीवरच्या उजेडाशी जुळलं पाहिजे. तुमच्या रस्त्याच्या फोटोतलं मूळ कोरं आकाशच बरोबर आहे.

आता फोटो पुन्हा काढण्याबद्दल. धुक्यातला उजेड चहूकडून आणि वरून येतो, त्याला ठरावीक दिशेची सावली नसते. तसा उजेड जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत बेळगाव-खानापूर पट्ट्यात कुठल्याही अंगणात मिळतो. उन्हाळ्यात काढायचा झाला तर सूर्य उगवण्याआधी वीसेक मिनिटं, मोकळ्या अंगणात. छपराखाली नको; पडवीत उजेड एकाच बाजूनं येतो आणि डोक्यावर काळोख राहतो.

कॅमेऱ्याची उंची फार महत्त्वाची आहे, आणि तुमच्या चित्रात आज्जी तरंगल्यासारख्या दिसतात त्याचं निम्मं कारण तिथं आहे. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. पाच फुटांवरून फोटो काढला तर जवळच्या-लांबच्या सगळ्या माणसांना क्षितिज पाच फुटांवर छेदतं. रस्त्याचा फोटो तुम्ही उकिडवं बसून काढलेला दिसतो, कारण रस्त्याच्या दोन्ही कडा जिथं मिळतात ती जागा चौकटीत बरीच खाली आहे. कॅमेरा अडीच फुटांवर असावा. आज्जींचा फोटो मात्र उभ्यानं, जवळून, किंचित खाली बघत घेतलाय, म्हणून डोकं मोठं आणि पावलं लहान दिसतात. तेव्हा या वेळी कॅमेरा अडीच फुटांवरच ठेवा, खाली-वर न झुकवता सरळ समोर धरा, आणि बारा ते पंधरा फूट मागं जा. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, साधारण 24 ते 26 मिलिमीटरच्या तोडीची. तिच्यानं चार फुटांवरून काढलं की अंगाचं प्रमाण बिघडतं. दुप्पट झूम ठेवा. नंतर जोडताना क्षितिजाची रेषा आज्जींच्या अंगावर अडीच फुटांच्या उंचीवर, म्हणजे कमरेच्या जरा खाली येते का ते बघा. येत असेल तर त्या जमिनीवर उभ्या दिसतील, आकार थोडा लहान-मोठा केला तरी.

मागं फिकट करडी किंवा चुन्याची भिंत असू द्या, आज्जींपासून सहा-आठ फूट लांब. अंतिम चित्रात त्यांच्यामागं मध्यम करडं धुकं येणार आहे. मूळ फोटोत मागं गडद दार किंवा हिरवं झाड असलं तर कडेला त्याचाच काळपट झिरमिरा उरतो आणि तुम्ही पुन्हा मास्कमध्ये अडकता. पांढरे केस फिकट भिंतीपुढं हरवतात, हे खरं. आज्जी एरवी डोक्यावरून पदर घेत असतील तर तसाच घेऊ द्या. मग कड पदराची येते, ती कापायला सोपी, आणि कानशिलापाशी चार पांढरे केस दिसले तरी ते गडद पदराच्या आत असतात. घेत नसतील तर बळेच नको, मागं मध्यम करडी चादर बांधा.

आता रंग काढून टाकण्याबद्दल, कारण बरेच जण इथं घाई करतात. फोटो आधी वेगवेगळे कृष्णधवल करून मग जोडू नका. जोडकाम रंगीतच ठेवा आणि वर ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेयर (खालचे फोटो न बदलता त्यांचं दिसणं बदलणारा थर) लावा, म्हणजे शेवटपर्यंत कुठला रंग किती गडद व्हावा हे तुमच्या हातात राहतं. इरकली लुगड्याचं उदाहरण घ्या. गर्द निळी जमीन, लाल काठ, लाल टोपपदर. फोटोशॉपमध्ये हा लेयर उघडला की लाल 40 आणि निळा 20 असे आकडे येतात, आणि त्या आकड्यांवर गर्द निळा आणि गर्द लाल जवळपास एकाच काळपट करड्यात मिळून जातात. काठ दिसेनासा होतो आणि लुगडं काळ्या गोणपाटासारखं सपाट पडतं. लाल 80 पर्यंत वाढवा, निळा शून्यावर आणा. काठ जमिनीतून उठून येतो, आणि चेहऱ्याभोवती पदराची एक फिकट रेघ तयार होते जी नजर चेहऱ्याकडं वळवते.

पण तोच लाल 80 चेहऱ्यावर गेला की नुकसान होतं. कातडीत लाल-पिवळा भाग जास्त असतो. तो वाढवला की कातडी उजळते आणि सुरकुत्या पुसल्या जातात. कपाळावरचं कुंकूही फिकं पडून कातडीत विरघळतं. आज्जींच्या चेहऱ्यावर मला सुरकुत्या हव्यात आणि कुंकवाचा टिपका गडद हवा, म्हणून तिथं लाल 30, पिवळा 50 च्या आसपास ठेवतो. हे दोन लेयरनी करायचं. पहिला ब्लॅक अँड व्हाइट लेयर फक्त लुगड्यावर मास्क करून, त्यात लाल वाढवलेला. त्याच्या वर दुसरा, सगळ्या चित्रावर, त्यात लाल कमी. लुगडं खालच्या लेयरनं आधीच करडं झालेलं असतं, त्यामुळं वरच्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. चेहरा आणि रस्ता मात्र वरच्याच्या आकड्यांनी ठरतात. वरच्यात लाल कमी असल्यानं रस्त्याकडेची तांबडी मातीही दबते, ती उजळ राहिली असती तर आज्जींच्या पायांशी भांडली असती. फोटोशॉपऐवजी गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर मोनो मिक्सरची दोन वेगवेगळी रूपं करून मास्कनं जोडा, तत्त्व तेच.

यापुढचा भाग या चित्राचा गाभा आहे: धुक्यात आज्जींचा काळा रंग किती काळा असावा? धुकं दोन गोष्टी करतं. लांबच्या वस्तूवरून येणारा उजेड वाटेत विखुरतो, आणि मधल्या थेंबांचा स्वतःचा करडा उजेड त्यावर चढतो. म्हणून लांबची काळी वस्तू धुक्याच्याच रंगाकडं सरकते, आणि ती ठरावीक प्रमाणात सरकते: वीस मीटरवर कॉन्ट्रास्ट निम्मा होत असेल तर चाळीस मीटरवर पाव, साठवर अष्टमांश. 0 (काळा) ते 255 (पांढरा) अशा मोजपट्टीवर तिन्हीसांजेचं दूरचं धुकं 105 धरा आणि अगदी कॅमेऱ्याजवळचा काळा 15. फरक 90 चा. मग वीस मीटरवरच्या झाडाचा सर्वात गडद भाग 60 च्या आसपास, चाळीसवर 83, साठवर 94. हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या फोटोतल्या झाडांवर आयड्रॉपर (छटेचा आकडा दाखवणारं साधन) फिरवून खरे मोजा, तुमचं धुकं दाट असेल तर उतार जास्त तीव्र मिळेल. आता आज्जी पाच मीटरवर उभ्या आहेत असं धरलं, तर त्यांच्या लुगड्यातला सर्वात गडद भाग 30 च्या जवळपास यायला हवा. तुमच्या चित्रात तो 2 किंवा 3 आहे. पाच मीटरच्या धुक्यापलीकडं असा काळा शक्यच नसतो, आणि चिकटवल्यासारखं वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. उपाय एका मिनिटाचा: आज्जींच्या लेयरला क्लिप केलेला, म्हणजे फक्त त्यांच्यावरच परिणाम करणारा, कर्व्ह्ज लेयर लावा आणि खालचं डावं टोक उचला, इनपुट 0 ला आउटपुट 30.

रस्त्याचा फोटो सकाळचा, त्यात धुकं 180 ते 190 वर आहे. तो सांजेत न्यायला कर्व्हचं वरचं उजवं टोक 255 वरून 145 च्या आसपास खाली आणा, म्हणजे दूरचं धुकं 105 वर येईल, आणि मध्यभाग किंचित आणखी दाबा. उजेडाच्या भाषेत हे दोन स्टॉपांहून थोडं कमी आहे (एक स्टॉप उतरवणं म्हणजे उजेड निम्मा करणं). पूर्ण दोन स्टॉप उतरवले तर 128 चा करडा 66 च्या जवळ जातो. त्याहून खाली नेऊ नका, मग सांज संपून रात्र होते आणि धुकं नुसती घाण वाटायला लागते. फोनच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात, आणि धुक्याचा सगळा विस्तार त्यातल्या पन्नास-साठ पायऱ्यांत मावतो. असे कर्व्ह लावले की आकाशात पट्टे पडतात. म्हणून फाइल आधी 16 बिटमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त पायऱ्यांच्या स्वरूपात, बदला आणि शेवटी ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, घाला. रस्त्याचा फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ, फाइलमधून मिळत असेल तर उत्तमच.

पावलं. पावसातला डांबरी रस्ता ओला असतो, आणि ओल्या डांबरावर सावलीपेक्षा प्रतिबिंब जास्त दिसतं. हे बहुतेक कॉम्पोझिटमध्ये राहून जातं. आज्जींच्या लेयरची प्रत उलटी करून पावलांना पाऊल टेकवा, उभ्या दिशेनं मोशन ब्लर 40 ते 60 पिक्सेल, अपारदर्शकता 15 ते 20 टक्के, आणि पायांपासून लांब जाताना मास्कनं विरवत न्या. उलटं प्रतिबिंब चेहऱ्यापर्यंत ओळखू आलं तर जास्त झालंय. सावली दोन थरांत: चपलेच्या तळव्याला लागून एक अगदी अरुंद गडद रेघ, आणि तिच्याभोवती पावलांच्या दुप्पट रुंदीचा मऊ काळोख, 20 ते 25 टक्के. लांब पडलेली सावली धुक्यात नसते, ती घालू नका.

आता कंदील. ढगाळ दिवसालाही मोकळ्यावर हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. साध्या रॉकेलच्या कंदिलाचा हातभर अंतरावर शंभर लक्ससुद्धा भरत नाही. म्हणूनच दिवसाच्या धुक्यात कंदिलाचा झोत दाखवला की खोटं वाटतं, आणि म्हणूनच सांज निवडली. दुसरी गोष्ट, अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्शावर येतो, तीन स्टॉपांहून जास्त घट. तुमच्या फोटोत कंदील गुडघ्यापाशी लोंबतोय, चेहऱ्यापासून तीनेक फूट. त्या उजेडात चेहरा उजळणारच नाही. उजळेल ती निऱ्यांची घडी आणि पाय. वर तुम्ही चेहरा वेगळा उजळ केलाय, त्यामुळं दोन उजळ जागा झाल्या आणि नजर त्यांच्यात हेलपाटे घालते. कंदील चेहऱ्यापासून एक-दीड फुटावर आला की दोन्ही मिळून एकच जागा होते. मात्र हनुवटीखाली धरायला सांगू नका. खालून आलेल्या उजेडानं नाकाची सावली वर कपाळाकडं जाते आणि आज्जी भुताटकीतल्या दिसतात, जे तुम्हाला नकोच आहे. बाजूला, खांद्याच्या उंचीवर, किंचित पुढं. कुणाला तरी वाट दाखवायला माणूस कंदील असाच उचलतो, त्यामुळं वाट बघण्याचा भावही हातातूनच येतो.

हा उजेड फोटो काढतानाच खरा घ्या. कंदिलाच्या काचेत बटर पेपरात गुंडाळलेला छोटा बॅटरीचा एलईडी ठेवा आणि अंधार पडायला लागला की काढा. गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला, बांगडीवर उजेड कसा वळतो हे ब्रशनं खोटं रंगवता येत नाही. एकच काळजी घ्या, एलईडी इतका प्रखर नको की दुसरा गाल पूर्ण काळा पडेल. उजेडाकडचा गाल 185 ते 195, दुसरा 70 ते 80 असं मिळालं की थांबा. ज्योतीचा ठिपका 250, पण काच सगळी पांढरी नको, ती 210-220 वर ठेवा म्हणजे काचेवरची काजळी दिसते. धुक्यातली प्रभा दोन गोल ग्रेडियंटनी (कडेकडं विरत जाणाऱ्या छटांनी) करा, स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे खालचं चित्र फक्त उजळवणाऱ्या पद्धतीत: एक लहान, काचेच्या दीडपट, 35 टक्के, दुसरी मोठी, डोक्यापासून कमरेपर्यंत पसरेल एवढी, 8 ते 10 टक्के. एकाच ग्रेडियंटनं केली तर ती फुग्यासारखी दिसते, कारण खरी प्रभा ज्योतीजवळ झपाट्यानं उतरते आणि मग बराच वेळ मंद रेंगाळते. आणि मोठ्या प्रभेचा थोडा भाग आज्जींच्या पुढूनही जाऊ द्या, त्यांच्या खांद्याची कड जराशी विरघळली पाहिजे.

इथवर केलं की क्रम असा झाला: ढग गेले, उजेड आणि कॅमेऱ्याची उंची जुळली, रंगांतून छटा ठरल्या, काळा धुक्याच्या हिशेबात आला, पाय जमिनीला लागले, कंदील चेहऱ्याजवळ आला. हा क्रम मोडू नका, विशेषतः काळा ठरायच्या आधी कंदिलाची प्रभा घालू नका, नाहीतर पुढं प्रत्येक बदलाला ती पुन्हा करावी लागते.

आता नजर चोरणाऱ्या गोष्टी शोधायच्या. तुमच्या रस्त्यावर डाव्या कडेला पांढरा पट्टा आहे आणि उजवीकडं मैलाचा दगड. पट्टा आज्जींकडं जाणारा आहे, तो ठेवा, पण 90 च्या वर जाऊ देऊ नका. दगड काढूनच टाका. त्यावर अक्षरं आहेत, आणि अक्षरं कानडी असोत की मराठी, वाचता येणारा माणूस चेहऱ्याच्या आधी तीच वाचतो. वरची विजेची तार धुक्यात अर्धी हरवलीय, ती राहिली तरी चालेल. मला तर ती आवडली. गोल व्हिनेट लावू नका. चारही कोपरे सारखे काळवंडले की फिल्टर लावल्याचं कळतं. त्याऐवजी 50 टक्के करड्याचा लेयर सॉफ्ट लाइट मोडमध्ये घ्या आणि मोठ्या मऊ ब्रशनं, फ्लो 3 ते 5 टक्के ठेवून, जिथं नजर जाऊ नये तिथं काळा आणि चेहऱ्याच्या उजेडाच्या बाजूला, काठाच्या दोन घड्यांवर, हाताच्या बोटांवर पांढरा फिरवा. एका फटक्यात काही दिसू नये, पाच-सहा फटक्यांत दिसावं.

तपासायला तीन सोप्या युक्त्या. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान करा. आज्जींचा चेहरा आणि कंदील मिळून एकच उजळ ठिपका दिसला पाहिजे. मग पूर्ण आकाराच्या प्रतीवर 60 पिक्सेलचा गॉशियन ब्लर लावा; जो डाग सगळ्यात ठळक राहतो तो चेहऱ्याचा हवा. आणि वर तात्पुरता लेव्हल्स लेयर लावून मधला आकडा आधी 2.5, मग 0.3 करा. पहिल्यात सावल्यांतले आणि दुसऱ्यात उजळ भागांतले विसंगत तुकडे, मास्कच्या उरलेल्या कडा उघड्या पडतात. बघून झालं की तो लेयर काढून टाका.

ग्रेन सगळ्यात शेवटी आणि सगळ्या चित्रावर एकदाच. फोन प्रत्येक फोटोतला नॉइज, म्हणजे बारीक ठिपक्यांची खरखर, आपल्या मर्जीनं घासून काढतो, म्हणून आज्जींचं लुगडं गुळगुळीत आणि रस्ता खरखरीत दिसतो. आधी दोन्ही अंतिम आकाराला आणा. आज्जींचा लेयर मोठा करावा लागत असेल तर फोटो कमी पिक्सेलचा आहे, तो पुन्हा काढा. मग 50 टक्के करड्याचा लेयर ओव्हरले मोडमध्ये, ॲड नॉइज 8 ते 12 टक्के, गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक, त्यावर अर्धा पिक्सेल ब्लर. धुक्यातले पट्टेही यानं झाकले जातात.

छापायचं असेल तर 12 बाय 18 इंचाला 300 पीपीआयनं (इंचाला 300 पिक्सेल) 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. लॅबला फाइल ग्रेस्केलमध्ये देऊ नका, आरजीबी आणि एसआरजीबी प्रोफाइलमध्ये द्या. बेळगावात काय किंवा निपाणीत काय, बहुतेक लॅबचं मशीन रंगीत कागदावर छापतं, आणि त्यावर करड्यात हिरवी किंवा जांभळट झाक येऊ शकते. तुमच्या चित्रात करडंच जास्त, त्यामुळं ती लगेच जाणवेल. आधी 8 बाय 12 ची चाचणी प्रत काढून घ्या आणि ट्यूबखाली न बघता दिवसा खिडकीपाशी बघा. झाक असेल तर लॅबवाल्यांना दाखवून दुरुस्त करायला सांगा. मॅट कागदावर गडद छटा एकमेकींत मिसळतात, तेव्हा निऱ्यांच्या घड्या दिसेनाशा झाल्या तर आज्जींच्या कर्व्हचं खालचं टोक 30 वरून 36-38 वर उचला आणि दुसरी प्रत काढा.